मुलींना इंजिनिअरिंगची वाट दाखवणाऱ्या स्वयंसेवकांचा गौरव: नाशिकमध्ये तो नीट कसा करावा

नाशिकला इंजिनिअरिंग काही दूरचं नाही. सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर इथल्या एमआयडीसी आहेत, ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे, एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र आहे, दिंडोरी रोडला मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. क. का. वाघ कॉलेज १९८४ पासून सुरू आहे, सामनगावला सरकारी तंत्रनिकेतन आहे. तरीसुद्धा पेठ, सुरगाणा किंवा अगदी सातपूरच्या कामगार वस्तीतल्या दहावीच्या मुलीला विचारा, "तुझ्या ओळखीची एक तरी बाई इंजिनिअर आहे का?" बहुतेक वेळा ती मान हलवते, नाहीतर टीव्हीवर पाहिलेलं एखादं नाव सांगते.

हे अंतर कमी करायला काही माणसं आपला रविवार खर्च करतात. कारखान्यातून सेकंड शिफ्ट करून आलेली इंजिनिअर सकाळी शाळेत जाऊन बोलते. डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी आपल्याच गावच्या धाकट्या मुलींना सीईटीचा फॉर्म भरून देते. निवृत्त अभियंते काका मुलीच्या बापाशी बोलायला घरी जातात. अशा माणसांचा गौरव करावा असं अनेक संस्थांना, कॉलेजांना, कंपन्यांना वाटतं. होतं मात्र असं, की वर्षातून एकदा शाल-श्रीफळ, फोटो, आणि पुढच्या वर्षी तीच माणसं "यंदा जमणार नाही" म्हणतात. हा लेख अशा संयोजकांसाठी आहे. गौरव असा हवा की ज्याचा झाला त्याला पुढच्या रविवारी पुन्हा जावंसं वाटेल, आणि ज्याचा झाला नाही त्यालाही आपण काय करायला हवं ते कळेल.

पहिली पायरी: कोणतं काम मोलाचं ते लिहून काढा

बहुतेक ठिकाणी पुरस्कार आकड्यावर दिला जातो. किती शाळा, किती व्याख्यानं, किती मुलींपर्यंत पोहोचलो. हा आकडा मोजायला सोपा, म्हणून तो वापरतात. पण एका व्याख्यानाने मुलगी इंजिनिअर होत नाही. ती गळते ती ठरावीक चार वळणांवर, आणि स्वयंसेवकाचं खरं काम तिथेच असतं. गौरवाची रचना या चार वळणांभोवतीच करा.

पहिलं वळण आठवी-नववीचं. "माझं गणित कच्चं आहे" हे तिने याच वयात स्वतःला सांगून टाकलेलं असतं. इथे आठवड्याला एक तास गणित घेणारा, किंवा सायकलचं गिअर उघडून दाखवणारा माणूस लागतो.

दुसरं वळण दहावीच्या निकालानंतरचं, आणि हे फार झपाट्याने येतं. अकरावीला सायन्स घेताना "बायोलॉजी घे, गणित सोड, मार्क चांगले पडतील" असा सल्ला कोणीतरी देतं. गणित सुटलं की इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखांचं दार बंद होतं, आणि हे त्या मुलीला दोन वर्षांनी कळतं. दहावीनंतर थेट तीन वर्षांचा डिप्लोमा आणि तिथून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा रस्ता तर कित्येक घरांना माहीतच नसतो. या पंधरा-वीस दिवसांत फोन उचलणारी ताई शंभर व्याख्यानांच्या तोडीची असते.

तिसरं वळण कागदांचं. बारावी झाली, एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा दिली, आता कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाची फेरी. जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. यातला एक कागद राहिला की आरक्षण गेलं किंवा फीची सवलत गेली. शासनाने २०२४-२५ पासून कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली आहे. एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती निवड झालेल्या मुलीला वर्षाला ५०,००० रुपये देते, डिग्रीला आणि डिप्लोमालाही, आणि एका घरातल्या दोन मुलींपर्यंत ती मिळू शकते. या गोष्टी कागदावर आहेत. त्या घरापर्यंत नेणारा माणूस म्हणजे मुलीबरोबर सेतू कार्यालयात रांगेत उभा राहिलेला स्वयंसेवक. कोणत्याही अहवालात त्याचा फोटो नसतो. तुम्ही त्याला शोधून काढलंत तरच त्याचा गौरव होतो.

चौथं वळण पहिल्या वर्षाचं. मराठी माध्यमातून आलेली मुलगी पहिल्या सेमिस्टरला गणितात अडकते, हॉस्टेलवर एकटी पडते, दिवाळीला घरी येते आणि "परत जात नाही" म्हणते. तिच्याशी त्या आठवड्यात बोलणारं कोणी असेल तर ती परत जाते.

आता समितीने बसून एका कागदावर लिहावं की आपण या चारपैकी कशाकशाचा गौरव करणार. माझं स्पष्ट मत आहे की तिसऱ्या आणि चौथ्या वळणावर काम करणाऱ्यांना झुकतं माप द्यावं. पहिल्या दोन ठिकाणी काम करणाऱ्यांना टाळ्या आपोआप मिळतात.

दुसरी पायरी: नोंद ठेवा, पण स्वयंसेवकाला कारकून करू नका

नोंद नसेल तर जो जास्त बोलतो त्यालाच पुरस्कार जातो. म्हणून प्रत्येक स्वयंसेवकाला शंभर पानी वही द्या, साधी, खिशात किंवा पर्समध्ये मावणारी. एका मुलीला एक पान. पानावर पाचच गोष्टी: मुलीचं पहिलं नाव आणि इयत्ता, शाळा, पहिल्यांदा कधी भेटलो, काय अडलंय, पुढची भेट कधी. "काय अडलंय" हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. तिथे "आवड नाही" असं लिहू देऊ नका, ते जवळपास कधीच खरं कारण नसतं. "बस सहाला सुटते, क्लास साडेसहाला संपतो", "मोठ्या बहिणीचं लग्न मे महिन्यात", "बाबा म्हणतात कंपनीत रात्रपाळी असते" अशी कारणं लिहिली गेली पाहिजेत. वर्षाअखेरीला या वह्या एकत्र वाचल्या की तुमच्या भागातल्या मुली नेमक्या कशाने थांबतात याचं चित्र समोर येतं, आणि कोणत्या स्वयंसेवकाने ती अडचण सोडवली तेही.

पालकांचे फोन नंबर वहीत नकोत. ते संयोजकांपैकी एकाच व्यक्तीकडे, पालकांच्या परवानगीने, वेगळे ठेवा. वही बसमध्ये राहू शकते.

दर दोन महिन्यांनी सगळ्यांनी एकत्र चहा प्यावा आणि एकेकाने एकच पान वाचून दाखवावं. बढाई मारायला जागा राहत नाही, आणि नवख्या मुलामुलींना कळतं की घरी जाऊन काय बोलायचं असतं.

तिसरी पायरी: समारंभाआधी वर्षभराचं बघा

स्वयंसेवक का थांबतात, हे थांबलेल्यांना विचारा. उत्तरं फार साधी असतात. गाडीभाडं खिशातून जातं. साहित्य आपलं आपण आणावं लागतं. रविवारी लहान मूल सांभाळायला सासूबाईंना सांगावं लागतं. शाळेत गेलं तर शिक्षक म्हणतात, आज परीक्षा आहे, पुढच्या आठवड्यात या. अशा माणसाला जानेवारीत ट्रॉफी दिली तरी त्याची अडचण तशीच राहते.

म्हणून एकूण पैशांतला निम्मा तरी भाग वर्षभराच्या सोयीसाठी बाजूला काढा आणि उरलेल्यात समारंभ बसवा. प्रवासखर्च दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, तिकीट दाखवलं की मिळाला पाहिजे, मागावा लागता कामा नये. पेठच्या सावळघाटातून मोटारसायकलवर जाणाऱ्या मुलाला पेट्रोलचे पैसे आणि पावसाळ्यात एसटीनेच जायची सक्त सूचना, दोन्ही द्या. एक साहित्याची पेटी करा: मल्टीमीटर, ब्रेडबोर्ड, एलईडी, बॅटरी, व्हर्निअर कॅलिपर, जुनी मोटर, स्क्रू-ड्रायव्हरचा सेट. व्हर्निअर जरूर ठेवा. मुलगी जेव्हा स्वतःच्या केसाची जाडी मोजायला जाते आणि व्हर्निअरला ती नीट पकडता येत नाही म्हणून मायक्रोमीटर मागते, तेव्हा अर्ध्या तासाच्या भाषणाचं काम तिथेच होतं.

शाळेच्या परवानगीचं काम संयोजकांनी आधी करून ठेवायचं. मुख्याध्यापकांचं पत्र हातात असेल तरच स्वयंसेवकाला पाठवायचं. हा त्याच्या वेळेचा मान आहे, आणि तो शालीपेक्षा मोठा वाटतो असं मला अनेकांनी सांगितलं आहे.

चौथी पायरी: सुरक्षिततेची अट आधी

गौरव म्हणजे तुम्ही त्या माणसाला समाजापुढे विश्वासाचा म्हणून उभं करता. त्यामुळे इथे संकोच नको. प्रत्येक स्वयंसेवकाची ओळखपत्रं आणि पोलीस पडताळणी, पुरुष असो वा बाई. अल्पवयीन मुलीला एकटीला भेटायचं नाही, शाळेत शिक्षिका सोबत, घरी पालक सोबत. मुलीला वैयक्तिक नंबरवर मेसेज करायचे नाहीत, ग्रुप असेल तर त्यात पालक किंवा शिक्षिका हवी. कारखान्याची भेट असेल तर गेटपास, सेफ्टी शूज, केस बांधलेले, ओढणी काढून ठेवलेली, आणि सोबत किमान दोन महिला. लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे. त्यात काय आहे हे तासाभरात सांगणारं सत्र सगळ्यांनी केलेलं असावं. शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, तिच्या सदस्यांना तुमचा उपक्रम माहीत हवा. एखाद्याचं काम कितीही मोठं असलं आणि या नियमांबाबत तो टाळाटाळ करत असला, तर त्याचं नाव यादीत घेऊ नका. यावर मतदान नाही.

पाचवी पायरी: निवड मुलींकडून

समितीने आपसांत नावं ठरवण्यापेक्षा आधी मुलींना विचारा. इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमाला प्रवेश घेतलेल्या, आणि अजून शाळेत असलेल्या, दोघींनाही. फॉर्मवर तीनच प्रश्न ठेवा: तुला कोणाची मदत झाली? त्या वेळी काय अडलं होतं? त्यांनी नेमकं काय केलं? मराठीत, हाताने लिहिलेलं चालेल, बोलून रेकॉर्ड केलेलंही चालेल.

"नेमकं" या शब्दावर मी भर देतो, कारण तिथेच फरक पडतो. पेठ तालुक्यातल्या एका मुलीने लिहिलेलं इथे तिच्या परवानगीने देतो:

"मी आर्ट्सला जाणार होते. मॅडम दोनदा घरी आल्या. दुसऱ्या वेळी आजीजवळ बसून भाताच्या लावणीचंच बोलल्या, कॉलेजचं काही काढलंच नाही. निघताना बाबांना म्हणाल्या, 'हॉस्टेल कसं आहे ते तुम्ही आणि आई स्वतः बघा. मी स्टँडवर थांबते.' बाबांना वाटलं असंच म्हणाल्या. आम्ही सीबीएसला उतरलो तर त्या खरंच उभ्या होत्या. हॉस्टेलची रेक्टर बाई आहे हे आईने बघितलं. मग बाबा म्हणाले, फॉर्म भर."

या मॅडमच्या स्वतःच्या अहवालात त्या दिवसाबद्दल एवढंच होतं: "हॉस्टेल भेट, १ विद्यार्थिनी." आकडे बघून निवड करणाऱ्या समितीने ही ओळ वाचून पुढचं पान उलटलं असतं.

मुलींचे कागद आले की समितीने ते नावं झाकून वाचावेत. समितीत पाच जण पुरेत: एक शिक्षिका, एक कारखान्यात काम करणारी इंजिनिअर, एक पालक, शक्यतो वडील, डिप्लोमाची एक विद्यार्थिनी आणि संयोजकांपैकी एक. देणगीदार समितीत नको. त्याच्या कंपनीतल्या स्वयंसेवकांचं नाव चर्चेला आलं की बाकीचे गप्प होतात.

पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक काढू नका. दहा जणांनी जीव तोडून काम केलं आणि एकीला प्रथम पुरस्कार दिला, तर बाकीच्या नऊ जणांना आपण कमी पडलो असं घरी घेऊन जावं लागतं. त्यापेक्षा जितक्यांच्या नावाने मुलींनी ठोस काही लिहिलं असेल तितक्या सगळ्यांचा गौरव, आणि प्रत्येकाला वेगळ्या शब्दांत.

सहावी पायरी: काय द्यायचं

रोख रक्कम द्यावी का, हा प्रश्न दर बैठकीत येतो. थोडी रोख रक्कम देणं हा सगळ्यांत वाईट पर्याय आहे असं मला वाटतं, आणि त्याला आधारही आहे. युरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इस्रायलमधली शाळकरी मुलं घरोघरी फिरून समाजकार्यासाठी देणगी गोळा करत होती. काही मुलांना काहीच मानधन नव्हतं, काहींना जमलेल्या रकमेच्या एक टक्का इतकं, काहींना दहा टक्के. सगळ्यांत जास्त देणगी गोळा केली ती काहीच न मिळणाऱ्या मुलांनी, आणि सगळ्यांत कमी एक टक्कावाल्यांनी. दहा टक्केवालेही बिनमोबदला मुलांच्या मागेच राहिले. मनापासून केलेल्या कामाला पैशाचं लेबल लागलं की माणूस त्याचा हिशेब करू लागतो. प्रवासखर्च आणि साहित्य द्या, ती परतफेड आहे. "मुलीमागे पाचशे रुपये" असं कधीही ठेवू नका. त्यात दुसराही धोका आहे: मुलीची इच्छा असो नसो, तिला फॉर्म भरायला लावलं जाईल.

याला एकच अपवाद मी करतो. स्वयंसेवक स्वतः शिकत असेल आणि घरची परिस्थिती बेताची असेल, तर त्याच्या परीक्षेची फी, सेमिस्टरची पुस्तकं किंवा एखादा कोर्स संस्थेने थेट भरावा, आणि ते मंचावर जाहीर करू नये.

मग द्यायचं काय? सगळ्यांत वर मी पत्राला ठेवतो, पण ते योग्य माणसाला गेलं पाहिजे. स्वयंसेवक कंपनीत असेल तर पत्र त्याच्या प्लांट हेडला आणि एचआरला. जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना. कॉलेजची विद्यार्थिनी असेल तर प्राचार्यांना आणि एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तासांचं काम अपेक्षित असतं, तर हे तास त्यात धरता येतील का ते वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून घ्या. पत्रात "उल्लेखनीय सामाजिक योगदान" असलं काही लिहू नका. असं लिहा:

"आपल्या टूल रूममधील अभियंत्या यांनी गेल्या वर्षी दिंडोरी तालुक्यातील दोन शाळांमध्ये नियमित भेटी दिल्या. दहावीनंतर गणित सोडण्याच्या विचारात असलेल्या चार मुलींच्या घरी त्या स्वतः गेल्या. त्यांपैकी तिघी आज डिप्लोमाला आहेत. एका मुलीची जात पडताळणी अडली होती, त्यासाठी त्यांनी स्वतःची रजा वापरली. ही रजा आपण विशेष रजा म्हणून ग्राह्य धरावी अशी आमची विनंती आहे."

असं पत्र माणसाच्या अप्रेझलमध्ये उपयोगी पडतं. शेवटच्या वाक्यातली विनंती मान्य झाली तर पुढच्या वर्षी तिला रविवारवरच अवलंबून राहावं लागणार नाही.

सन्मानचिन्ह द्यायचं असेल तर बाजारातली प्लास्टिकची ट्रॉफी आणू नका. आयटीआयच्या टर्नर, मशिनिस्ट ट्रेडच्या मुलींकडून करून घ्या. आमच्या एका कार्यक्रमात अ‍ॅल्युमिनियमच्या गोल बारचा तुकडा लेथवर घेऊन केलेलं पेनस्टँड दिलं होतं. वरच्या कडेला चॅम्फर, म्हणजे तिरपी कापलेली कड, मधल्या पट्ट्यावर नर्लिंग, म्हणजे बोटांना खरखरीत लागणारी ती चौकडीची नक्षी, आणि खाली तळाशी ज्या मुलीने ते बनवलं तिचं नाव आणि तारीख पंच केलेली. एकाच्या नर्लिंगमध्ये दुहेरी रेष पडली होती. ते बाजूला काढायचं का असं मुलीने विचारलं. ज्यांना ते मिळालं त्या इंजिनिअर बाईंनी ते हातात फिरवून बघितलं आणि तिला विचारलं, फीड, म्हणजे हत्यार पुढे सरकवण्याचा वेग, किती ठेवला होतास? मंचावरच पाच मिनिटं दोघींचं तेच चाललं होतं. मुलींना कामाचा योग्य मोबदला आणि मटेरिअलचा खर्च द्या, हे फुकट करून घ्यायचं काम नाही.

बायकांना पैठणी आणि पुरुषांना ट्रॉफी असा फरक करू नका. येवल्याची पैठणी सुंदरच असते, पण इथे सगळ्यांना एकच वस्तू.

सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या सेवेतल्या व्यक्तीला महागडी भेट देऊ नका. त्यांना वर्तणुकीचे नियम असतात, आणि पुरस्कार घेण्याआधी वरिष्ठांची परवानगी लागू शकते. महिनाभर आधी पत्र पाठवलं तर त्यांची अडचण होत नाही.

सातवी पायरी: पैसा कुठून

नाशिकमध्ये निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटना आहेत, त्यांच्यामार्फत लहान-मध्यम कंपन्यांपर्यंत पोहोचता येतं. मोठ्या कंपन्यांना कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करायचे असतात आणि शिक्षण त्यात बसतं. दोन गोष्टी आधी जाणून घ्या. एक, पैसे घेणारी संस्था नोंदणीकृत हवी आणि तिने सीएसआर-१ फॉर्म भरलेला हवा. दोन, फक्त कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना फायदा होणारा खर्च सीएसआरमध्ये धरला जात नाही. म्हणून कंपनीकडे मागताना मुलींच्या कारखाना भेटी, साहित्याच्या पेट्या, तालुक्याच्या शाळांपर्यंतचा प्रवास यासाठी मागा. त्यांच्या इंजिनिअरांच्या सत्काराचा खर्च वेगळ्या पैशांतून करा. तुमच्याकडे नोंदणी नसेल तर एखाद्या कॉलेजमार्फत किंवा जुन्या विश्वासू ट्रस्टमार्फत कार्यक्रम घ्या.

आठवी पायरी: तारीख, जागा, वेळ

पंधरा सप्टेंबर हा अभियंता दिन सगळ्यांच्या आधी डोळ्यांपुढे येतो, आणि नाशिकला त्याचं खास नातंही आहे. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले ते नाशिकलाच. पण त्या सुमारास गणपती असतात, आणि २०२७ मध्ये ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत, तेव्हा बाहेरगावच्या मुलींना शहरात आणणं शहाणपणाचं नाही. २३ जून हा महिला अभियंत्यांचा आंतरराष्ट्रीय दिवस, पण तेव्हा सगळे स्वयंसेवक प्रवेशाच्या धावपळीत असतात. अकरा फेब्रुवारी हा विज्ञानातील महिला व मुलींचा दिवस, तर तेव्हा बारावीची परीक्षा तोंडावर किंवा सुरू झालेली, आणि निफाड-दिंडोरीत द्राक्षांचा हंगाम जोरात. अर्ध्या मुली आणि त्यांचे आईवडील बागेत असतात.

माझा कौल ३ जानेवारीला. सावित्रीबाईंची जयंती. पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलींचं पहिलं सेमिस्टर उरकत आलेलं असतं, त्या स्वतः येऊन बोलू शकतात. शाळांत सकाळी कार्यक्रम असतात, म्हणून तुमचा कार्यक्रम त्याच्या लगतच्या रविवारी घ्या.

जागा म्हणून मोठं नाट्यगृह घेऊ नका. एखाद्या तंत्रनिकेतनाचं किंवा आयटीआयचं वर्कशॉप मागा. खुर्च्या मशीनच्या रांगांमध्ये मांडा, मशीनचा मुख्य वीजपुरवठा बंद ठेवा, आणि शेवटी प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली एक लेथ चालू करून दाखवा. आलेल्या आयांपैकी कित्येकींनी आपला नवरा रोज ज्या मशीनवर उभा असतो ते मशीन कधी पाहिलेलं नसतं.

अकराला सुरू, जेवण, तीनला सगळं संपलेलं. सुरगाण्याची बस चुकली तर मुलगी रात्री घरी कशी जाणार, हा विचार आमंत्रणपत्रिका छापण्याआधी करा.

नववी पायरी: कार्यक्रम

प्रमुख पाहुणे एकच, आणि त्यांना दहा मिनिटं. बाकीचा वेळ मुलींचा. प्रत्येक स्वयंसेवकाच्या नावाआधी त्याच्याबद्दल मुलीने लिहिलेली दोन-तीन वाक्यं ती स्वतः वाचेल आणि वस्तूही तीच देईल. मुलीला घरची गोष्ट चारचौघांत सांगायची नसेल तर तिच्या वतीने शिक्षिकेने वाचावं, नाव न घेता. गरिबीचं वर्णन करून टाळ्या घेणं कडक बंद. मजकूर आधी वाचून त्यातलं असं काही असेल तर काढा. फोटोसाठी पालकांची लेखी संमती आधीच घ्या.

स्वयंसेवकाच्या घरच्यांना बोलवा आणि पहिल्या रांगेत बसवा. ज्या सासूबाईंनी रविवारी नातवाला सांभाळलं, ज्या नवऱ्याने डबा केला, त्यांचं नाव माइकवरून घ्या. पुढच्या वर्षी तो रविवार पुन्हा मिळेल का, हे त्यांच्या हातात असतं.

त्याच दिवशी एक टेबल प्रवेशाच्या माहितीचं ठेवा. दाखल्यांची यादी, सीईटीच्या नोंदणीची माहिती, शिष्यवृत्तीचे तपशील, मराठीत, एका पानावर. एखादं कॉलेज फीच्या सवलतीत बसतं का, हे खासगी विद्यापीठांच्या बाबतीत खास विचारून घ्यायला सांगा.

दहावी पायरी: ज्या मुलीने दुसरंच निवडलं तिच्या ताईचं काय

हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर आधी लिहून ठेवा. स्वयंसेवकाने वर्षभर एका मुलीबरोबर काम केलं. तिला कारखाना दाखवला, डिप्लोमा समजावला, घरच्यांशी बोलणं केलं. सगळं बघून मुलीने सांगितलं, मला नर्सिंग करायचं आहे. काही समित्या हे नाव यादीतून काढतात, कारण "निकाल" आला नाही.

ते नाव ठेवा. मुलीच्या कागदावर दोन गोष्टी तपासा: तिला इंजिनिअरिंगची पूर्ण माहिती मिळाली होती का, आणि निर्णय तिचा होता का. दोन्हींचं उत्तर हो असेल तर तो स्वयंसेवक गौरवाला पात्र आहे, बाकीच्यांच्या इतकाच. हा नियम स्वयंसेवकांना वर्षाच्या सुरुवातीलाच, पहिल्या बैठकीत, वही हातात देताना सांगायचा. मग घरी गेल्यावर ते मुलीला ढकलत नाहीत, ऐकून घेतात, आणि पालकांनाही ते जाणवतं. पुढच्या वर्षी त्याच गल्लीतल्या दुसऱ्या मुलीचं दार त्यांच्यासाठी उघडं असतं.